बड्स बंद पडले तर

बिनवायरचे बड्स ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. बल्लारपुरात कोळसा खाणीत किंवा पेपर मिलमध्ये पाळीने कामाला जाणारी घरे पुष्कळ आहेत. अशा घरातल्या दोन खोल्यांत रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपलेला असतो आणि शेजारीच मुले अभ्यासाला बसतात. मुलीने मोबाईलवर शिकवणी ऐकायची तर आवाज बाहेर पडून चालत नाही. वायरचा हेडफोन स्वस्त पडतो हे खरे, परंतु हल्लीच्या कितीतरी मोबाईलला त्याचे भोकच नसते. म्हणून आम्ही मुलीला बाराशे रुपयांचे बड्स घेऊन दिले. बाराशे रुपये आमच्या घरातून सहज निघत नाहीत.

मुलगी वनरक्षक भरतीची तयारी करते. पहाटे धावते आणि दुपारी कूलरसमोर बसून ऐकते. चौदा महिन्यांनी उजवा बड मुका झाला. डबीत ठेवला तरी चार्ज होईना. हमीची वर्षाची मुदत संपलेली आणि परीक्षा तोंडावर आलेली. दुकानदाराने डबी हातातही न घेता सांगितले, “काकू, हे काही दुरुस्त होत नाही. नवीनच घेऊन घ्या.” आम्हाला ते पटले नाही. घरातल्या सर्वांनी मिळून त्या वस्तूचा छडा लावला. त्यातून जे कळले ते वाचक भगिनींच्याही उपयोगी पडेल.

डबीत एक बॅटरी असते आणि प्रत्येक बडमध्ये एक अगदी लहान. डबीतली बॅटरी बडच्या बॅटरीला वीज पुरवते. त्यासाठी डबीच्या खोबणीत स्प्रिंगवरची बारीक टोके असतात आणि बडच्या अंगावर धातूचे ठिपके. ही दोन्ही एकमेकांना नीट टेकली तरच चार्जिंग सुरू होते. बड डबीत ठेवल्यावर त्याचा दिवा लागत नसेल तर आधी तेथेच पाहावे. नव्या बड्सवर कधी कधी पारदर्शक कागद चिकटवलेला असतो, तो काढायचा राहून जातो.

आमच्या बडच्या ठिपक्यांवर हिरवट-पांढरा थर बसला होता. धावताना आलेल्या घामातले मीठ, त्यावर कूलरची ओली हवा आणि वरून येथली काळी धूळ! कोरड्या कापसाने थर निघेना, तेव्हा मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला थोडेसे लावून ठिपके पुसले. डबीतली टोकेही तशीच पुसली आणि दात कोरायच्या लाकडी काडीने हलकेच दाबून पाहिली. एक टोक खाली रुतून बसले होते, ते वर आले. पाणी लावू नये, ब्लेडने खरवडू नये आणि सर्व वाळेपर्यंत बड आत ठेवू नये. अर्ध्या तासाने बड ठेवला आणि तांबडा दिवा लागला. झोपेतून उठलेले मुलीचे बाबा म्हणाले, “लागला न! मग तो दुकानदार काहून नाही म्हणे?” काहून, ते आम्ही काय सांगावे! नवीन विकला तर त्याला चार पैसे सुटतात.

डबीच चार्ज होत नसेल तर आधी तिच्या भोकातला कापडाचा लोळ लाकडी काडीने काढावा. लोखंडी पिन घालू नये. त्यानंतर वायर बदलून पाहावी. दोन्ही टोके टाइप-सी असलेल्या वायरने काही स्वस्त डब्या चार्जच होत नाहीत. चार्जरने वीज सोडावी म्हणून डबीत एक छोटा रोध लागतो, तो खर्च वाचवण्यासाठी गाळलेला असतो. जुन्या चार्जरची, एका बाजूला चपटे रुंद टोक असलेली वायर लावली की तीच डबी चालते. शेजारच्या मुलाची डबी अशीच ‘मेली’ होती.

आता येथल्या उन्हाविषयी. लिथियमच्या बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा साधारण दंडक आहे. मे महिन्यात बल्लारपूर-चंद्रपूरकडे बाहेरचाच पारा त्याच्या पुढे जातो, मग टिनाखालच्या खोलीत खिडकीच्या दगडावर ठेवलेल्या डबीचे काय होत असेल! उन्हाने बॅटरीचे आयुष्य कायमचे घटते, ते पुसून-धुवून परत येत नाही. आम्ही डबी पहाटे चार्ज करतो आणि दिवसा कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवतो.

जोडणीचे दुखणे वेगळे. बड्स शेवटी ज्या मोबाईलला जोडले होते त्यालाच पुन्हा धरतात. आमच्या घरी मुलगी डबी उघडायची आणि आवाज पलीकडच्या खोलीत भावाच्या मोबाईलला जोडला जायचा. भावाच्या मोबाईलमधले ब्लूटूथ बंद केले की भांडण मिटते. डावा वाजतो आणि उजवा नाही, असे झाले तर मोबाईलच्या यादीतून बड्सचे नाव काढावे, दोन्ही बड डबीत ठेवून झाकण लावावे आणि नव्याने जोडावे. तरीही जमले नाही तर सोबतच्या कागदावर सांगितल्याप्रमाणे बटण दाबून धरावे. प्रत्येक कंपनीची रीत निराळी असल्यामुळे तो कागद टाकू नये.

मैदानावर धावताना आवाज तुटतो, घरात मात्र तुटत नाही, हे आम्हाला फार दिवस कोडे होते. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या असतात आणि अंगातले पाणी त्या शोषून घेते. घरात भिंतींवर आपटून त्या वळसा घालून कानापर्यंत येतात, मोकळ्या मैदानात परतवायला भिंतच नसते. मोबाईल मागच्या खिशातून काढून दंडाला बांधला आणि आवाज सरळ झाला. बल्लारशाह स्टेशनच्या गर्दीत मात्र शेकडो मोबाईल आणि वायफाय त्याच लहरींवर असतात, तेथे थोडे तुटणारच.

पुसूनही बड दहा-पंधरा मिनिटांत बंद पडत असेल तर बॅटरी संपली असे समजावे. बड गोंदाने चिकटवलेला असल्यामुळे ती बदलणे परवडत नाही. मुदतीच्या आत असेल तर बिल दाखवून बदलून मागावा. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मेलेला बड कचऱ्यासोबत जाळू नये, त्यातली बॅटरी आगीत फुटते.

आमचा उजवा बड आता पूर्वीइतका टिकत नाही, दीड तासात दमतो. शिकवणी एका कानानेही ऐकता येते. म्हणून मुलगी एक बड कानात घालते आणि दुसरा तोपर्यंत डबीत चार्ज होत राहतो.