दोन टिंबे वर

महानुभाव ग्रंथांतील शब्दांच्या नोंदी आमच्या सरांनी निवृत्तीनंतर अकरा वह्यांत लिहून ठेवल्या होत्या. सर गेल्यावर त्या वह्या माझ्याकडे आल्या आणि धरमपेठेतल्या माझ्या खोलीत रोज रात्री मी त्या संगणकावर उतरवू लागलो. गणित विभागातल्या मित्राने यंत्रावर लिनक्स बसवून दिले होते. त्यामुळे माउस बाजूला ठेवून काळ्या पडद्यावर हुकूम लिहिण्याची सवय जडली. मराठीच्या प्राध्यापकाला हे व्यसन शोभत नाही, असे आमच्या विभागात अजूनही म्हटले जाते.

तिथे एका फोल्डरातून दुसऱ्यात जाण्याचा हुकूम ‘सीडी’, म्हणजे ‘चेंज डिरेक्टरी’. त्यापुढे काहीच लिहिले नाही तर माणूस थेट आपल्या घरी पोचतो. घराची खूण टिल्ड, ती नागमोडी रेघ. १९७०च्या दशकातील ‘एडीएम-३ए’ या टर्मिनलवर ‘होम’ आणि टिल्ड एकाच कळीवर छापलेले होते, त्यातून हा संकेत आला. दोन टिंबे दिली की एक पायरी वर. मला मात्र सर्वांत लाडके संयोगचिन्ह. ‘सीडी’पुढे ते एकटे लिहावे, की मघाशी जिथे होतो तिथे परत; पुन्हा लिहावे, की पुन्हा इकडे. सरांच्या वहीतून ‘लीळाचरित्रा’च्या संहितेत आणि तिथून परत वहीत अशा येरझाऱ्या मी किती घातल्या असतील! पण या चिन्हाची स्मृती एकाच जागेपुरती. लांबच्या भटकंतीसाठी ‘पुशडी’ आहे. ती आताची जागा चळतीत राखून पुढे नेते आणि ‘पॉपडी’ राखलेल्या जागी उलट क्रमाने परत आणते.

पत्ता दोन रीतींनी सांगता येतो: अगदी मुळापासून, किंवा आपण उभे आहोत तिथून. दुसरी रीत आपल्याला परकी नाही. चक्रधरस्वामींची वास्तव्यस्थाने नोंदवणारी ‘स्थानपोथी’ अमुक देवळाच्या पूर्वेला, तमुक दाराच्या उत्तरेला, अशीच पुढे सरकते. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या डॉ. वि. भि. कोलते यांनी तिचे संपादन केले आहे. पहिली खूण चुकली की पुढची सारी स्थाने चुकतात, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो.

आणि तरीही ते घडले. सोयीसाठी ‘चालू’ नावाच्या फोल्डरात मी सातव्या वहीच्या फोल्डरकडे नेणारा एक दुवा करून ठेवला होता. दुव्यातून आत गेल्यावर ‘सीडी’ला दोन टिंबे दिली, की शेल आलो त्याच दाराने बाहेर काढते, म्हणजे ‘चालू’मध्ये. हे इतक्यांदा अनुभवले होते की त्याविषयी शंका उरली नव्हती. त्या रात्री मी बाहेर न येता आतूनच दोन टिंबांच्या भरवशावर वरच्या फोल्डरातील कच्च्या फायली पुसण्याचा हुकूम दिला. पण आपण कोणत्या दाराने आत आलो हे फक्त ‘सीडी’ लक्षात ठेवते. पुसण्याच्या हुकुमाच्या लेखी ‘वर’ म्हणजे वही मुळात जिथे ठेवली आहे ती जागा. तिथे पुऱ्या झालेल्या सहा वह्यांच्या, तपासलेल्या फायली होत्या. पडद्यावर काहीच उमटले नाही. या जगात मौनाचा अर्थ काम फत्ते असा असतो.

पेनड्राइव्हवर पहिल्या दोनच वह्या निघाल्या. उरलेल्या चार पुन्हा टंकायला पावसाळा आणि अर्धा हिवाळा गेला. तिसऱ्या वहीत काही शब्दांपुढे सरांनी पेन्सिलीने फिकट प्रश्नचिन्हे केलेली दिसली. पहिल्या वेळी ती मी पाहिलीच नव्हती, की पाहून गाळली होती, हे आता आठवत नाही. या खेपेला ती ठेवली. हातच्या दोन वह्याही मग त्यासाठी पुन्हा उघडाव्या लागल्या.

हल्ली काहीही पुसण्याआधी मी ‘पीडब्ल्यूडी’ विचारतो. आपल्याकडे ही अक्षरे रस्ते-पुलांच्या खात्याची. इथे ती आपण कुठे उभे आहोत ते सांगतात, आणि पुढे आडवी रेघ व मोठा ‘पी’ जोडला तर दुव्यांचा आडपडदा काढून खरी जागा सांगतात. मग पुसायचे ते मुळापासूनचा पूर्ण पत्ता लिहून. सध्या आठवी वही चालू आहे. तिच्यात पेन्सिल बरीच आहे.