भिंतीवरचा 'नक्को'

शिरूर अनंतपाळच्या आमच्या उर्दू वर्गात मराठीचा तास आला की मुले गप्प बसत. 'अपने कू मराठी नै आती, बाजी,' एवढेच उत्तर. मग मी एक भिंत शब्दांसाठी मोकळी केली. रोज चार पट्ट्या लावायच्या, येता-जाता मुलांनी वाचायच्या. सुरुवात दुकान, बाजार, जमीन, तारीख, हजर अशी केली. हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत येऊन कधीच घरचे झालेले. पट्टीवर उजवीकडून उर्दू, डावीकडून मराठी.

'ये तो हमारेच लफ्ज हैं!' मुले ओरडली.

वर्षभर मुकी बसलेली एक मुलगी उठली. 'बाजी, नक्को बी लिखो ना.'

मी थबकले. आमच्या दखनीतला 'नक्को' तर मराठीच्या 'नको'वरून आलेला! म्हणजे देणेघेणे दोन्हीकडून होते. तोही लावला.

पुढे शासकीय अर्जांतले अवघड शब्द घेतले. परवा त्याच मुलीने घरी अर्जावर बोट ठेवून सांगितले, 'अब्बा, स्वाक्षरी यानी दस्तखत. यहाँ करो.' एरवी तिचे अब्बा अर्ज घेऊन दुसऱ्यांच्या दारी जात.

दुसऱ्या दिवशी 'स्वाक्षरी'ची फाटलेली पट्टी तिने स्वतः नव्याने लिहून लावली.