कातडीतलं पाणी

कोंबडी कुरकुरीत होते ती मसाल्याने नव्हे, पाणी गेल्याने. कातडीत ओल आहे तोवर तिचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर चढत नाही. खरपूस रंग आणि भाजल्याचा वास देणारी क्रिया मात्र १४० अंशांच्या आसपास वेग धरते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

त्यामुळे दही, आलं-लसूण, तिखट, हळद लावून मुरवण्याची आपली सवय मी इथे बाजूला ठेवते. तंदूरला, रश्श्याला ती उत्तम. तव्यावर दह्याचं पाणी सुटतं आणि ते आटेपर्यंत लसूण करपून कडू होतो. किनारपट्टीवर माशाला रवा किंवा तांदळाचं पीठ लावतात, तोही ओल अडवण्याचाच शहाणा मार्ग. कातडी काढलेल्या कोंबडीला मीही तेच लावते. पण कोंबडीला स्वतःचं आवरण असताना उसनं कशाला? चिकनवाल्याला मात्र आधी बजावावं लागतं, कारण कातडी ओढून काढणं त्याच्या हातात बसलेलं असतं.

मांड्यांना रात्रीच मीठ चोळायचं आणि ताटलीत, कातडी वर करून, फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात उघड्याच ठेवायच्या. सकाळी कातडी पापडासारखी कोरडी, ताणलेली लागते.

तवा बिडाचा, खोलगट, जाड. बिडात उष्णता हळू पसरते, ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी हळू, आणि इथे मला तेच हवं असतं. मांड्या थंड तव्यातच, कातडी खाली करून ठेवायच्या, तेल नावापुरतं. मग मध्यमाहून थोडी कमी आच. तवा सावकाश तापतो, तेवढ्या वेळात कातडीखालची चरबी पाघळून बाहेर येते. तापलेल्या तव्यात टाकलं तर वरचा थर आधी लाल होतो आणि चरबी आतच अडकते. वर दुसरा लहान तवा आणि त्यावर दगडी खल ठेवते, म्हणजे कातडी सगळीकडे लोखंडाला टेकते. जॉर्जियात कोंबडी उघडून चपटी करतात आणि अशीच वजनाखाली तळतात; त्यांच्या तापाकाची सगळी मजा त्या दाबात आहे.

यानंतर कानांचं काम. सुरुवातीचा तडतडाट हा पाण्याचा. पंधरा-वीस मिनिटांत तो बारीक, एकसारखा होत जातो. तोवर कालथा लावायचाच नाही. तयार झालेली कातडी आपणहून सुटते, ओढावी लागत नाही. उलटल्यावर झाकण ठेवायचं नाही, वाफेने सगळं पुन्हा ओलं होतं. हाडाजवळ ७४ अंश झाले की मांस खाण्याजोगं होतं, पण मांडी मी ८० च्या पुढे नेते; चिवट पडदे तिथेच मऊ होतात.

मसाल्याची पाळी आता येते. कोंबडी काढून, उरलेल्या चरबीत ठेचलेला लसूण, कढीपत्ता, भरड मिरी अर्धा मिनिट परतायची आणि बाजूने घालायची, कातडीवर नाही. लिंबू ताटात पिळायचं. आंबट पदार्थ तव्यात रेंगाळले की तेलाने धरलेला काळा थर उतरतो, आणि तो थर जमायला फार दिवस लागतात. चरबी गाळून बरणीत भरते. तिच्यात बटाट्याच्या काचऱ्या फार सुंदर होतात.