५ अँपिअरचा फ्यूज लावू नकोस

प्रिय ओंकार,



तुझ्या मॉडेल रेल्वेच्या यार्डाच्या भागातला १ अँपिअरचा फ्यूज कारण नसताना उडतो, म्हणून वैतागून ५ अँपिअरचा आणून ठेवलायस, असं तू कळवलंस. अजून लावला नसशील तर लावू नकोस. बाकीचं पत्र सवडीने वाच, पण एवढं आधी ऐक.

रुळांना वीज पुरवणारा तुझा बूस्टरच मुळात ५ अँपिअरचा. काचेच्या फ्यूजवर छापलेल्या आकड्याला फ्यूज लगेच उडत नाही. त्याच्या दीडपट प्रवाह त्याने निदान तासभर सोसावा, अशाच बेताने तो बनवतात. म्हणजे ५ चा फ्यूज साडेसात अँपिअरलाही शाबूत, आणि तेवढा प्रवाह तुझा बूस्टर देतच नाही. तिथे फ्यूज असला काय आणि साधी तार असली काय, सारखंच. मग एखादं चाक घसरलं की १५ व्होल्ट आणि ५ अँपिअर, म्हणजे ७५ वॅट, एवढ्याशा टोकाशी एकवटतात. तुझी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची आहे. डब्याची बोगी वितळायला आणि इंजिनातल्या डिकोडरवरची तांब्याची रेघ जळायला किती वेळ लागेल, ते यावरून ताड.

जुन्या डीसी मांडणीत गाडी हळू असली की रुळांतले व्होल्टही कमी असायचे. डीसीसीत (डिजिटल कमांड कंट्रोलमध्ये) गाडी उभी असली तरी रुळांत पूर्ण व्होल्टेज असतं, आणि त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते. इंजिनाला हुकूम पोचतात ते त्यातूनच. त्यामुळे क्षणभराचा शॉर्टही इथे पूर्ण ताकदीचा असतो. तुला कारण दिसत नाही, कारण ते डोळ्याची पापणी लवायच्या आत घडून गेलेलं असतं.

उडालेले फ्यूज फेकले नसशील तर उजेडात धरून बघ. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर थेट शॉर्ट. काच स्वच्छ आणि तार मधोमध तुटलेली असेल तर थोडा जास्त भार बराच वेळ वाहत होता, किंवा दर वेळी चालू करतानाच्या झटक्यांनी तार थकत गेली. या दोन दुखण्यांचा तपास अगदी वेगळा आहे, आणि ते न बघता नवा फ्यूज घालणं मला पटत नाही.

शॉर्ट असेल तर फ्यूज जाळत बसायचं नाही. आपले इलेक्ट्रिशियन सिरीज बोर्ड वापरतात, तीच युक्ती इथे कर; मात्र घरातल्या २३० व्होल्टचा बोर्ड रुळांना अजिबात लावायचा नाही. मोटारसायकलच्या दुकानातून ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब आण आणि फ्यूजच्या जागी जोड. गाडी नीट चालत असताना तो जवळपास विझलेला राहील. शॉर्ट झाला की भक्कन पेटेल आणि प्रवाह २ अँपिअरच्या आसपास अडवून धरेल. आता घाई नाही. एकेक इंजिन, एकेक डबा यार्डातून सावकाश ने आणि नजर बल्बवर ठेव.

माझा पहिला संशय गाडीचा मार्ग बदलणाऱ्या सांध्यांवर आहे. सांध्याच्या उघड्या पात्याला आणि शेजारच्या रुळाला उलट ध्रुव असतील, तर आत सरकलेलं एखादं धातूचं चाक जाता जाता दोघांना टेकतं. तुझ्या एचओ मापाच्या गाड्यांत दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साधारण साडेचौदा मिलिमीटर असायला हवं. ते कमी भरलं की हा प्रकार होतो, आणि तोही एखाद्याच डब्यामुळे, एकाच दिशेने जाताना. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची पत्र्याची मापपट्टी मिळते. तिच्यावर चाकं आणि सांधे दोन्ही तपासता येतात. पैसे खर्च करायचेच असतील तर तिच्यावर कर.

बल्ब फक्त वळणावर लुकलुकला तर इंजिनाचं टोपण उघड. बोगी वळली की झाकणाखाली दबलेली वायर चॅसिसला घासते, सरळ रुळावर मात्र सगळं ठीक. मल्टिमीटर असला शॉर्ट कधीच दाखवणार नाही, कारण मोजताना इंजिन सरळ उभं असतं.

शॉर्ट सापडलाच नाही, तर दिव्यांच्या डब्यांकडे बघ. दिवे लुकलुकू नयेत म्हणून तू प्रत्येक डब्यात कपॅसिटर घातलायस. वीज गेली आणि परत आली की ते सगळे एकदम भरायला लागतात. लोडशेडिंगनंतरच फ्यूज उडाला होता का, आठवून बघ. कपॅसिटरच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर घाल आणि त्याला समांतर एक डायोड. भरणं सावकाश होईल, वापरताना मात्र अडथळा येणार नाही. आणि वीज गेली की प्लग काढून ठेवायची सवय लाव.

शेवटी नाण्याची परीक्षा. बल्ब काढून फ्यूज पूर्ववत लाव आणि फ्यूज नसलेल्या मुख्य मार्गावर, बूस्टरपासून सगळ्यात लांबच्या टोकाला, दोन्ही रुळांवर आडवं ५ रुपयांचं नाणं ठेव. बूस्टर तत्काळ बंद पडला पाहिजे. नाही पडला तर लगेच नाणं उचल. तसं झालं तर वायर बारीक आहे किंवा रुळांना जोडणाऱ्या फिशप्लेट सैल आहेत. शॉर्ट होऊनही प्रवाह पुरेसा वाढत नाही आणि नुसती उष्णता साठते. फ्यूज उडण्यापेक्षा मला याची जास्त भीती वाटते. टेबलाखालून दीड चौरस मिलिमीटरची वायर फिरव आणि तिच्यापासून जागोजागी रुळांना छोट्या वायरी, म्हणजे फीडर, जोड.

कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून आल्यापासून तुला हे वेड आहे, आणि ते मला मनापासून आवडतं. भाऊसाहेब जोशींनी उभी केलेली ती दुनिया १९९८ पासून लोकांना बघायला मिळतेय. तुझीही मांडणी तशीच वर्षानुवर्षं चालावी, म्हणून एवढं लिहिलं.

तो ५ अँपिअरचा फ्यूज दुकानात परत कर, बल्ब लाव, आणि कोणता डबा किंवा कोणता सांधा निघाला ते मला कळव.

तुझी,
मंगलआत्या