बावन्न माणसांचे गलबत

वाचकहो, नॉर्वे हा डोंगराळ देश. तिथे शंभर एकरांत जेमतेम तीन एकर लागवडीजोगे. अशा देशातून १८२५ च्या जुलैत 'रेस्टोरेशन' नावाचे शिडाचे गलबत स्टाव्हांगर बंदरातून अमेरिकेला निघाले. लांबी सुमारे ५४ फूट, आत ५२ माणसे! कुणाला जमीन हवी होती, तर कुणाला आपल्या क्वेकर पंथाप्रमाणे मोकळेपणी उपासना.

चौदा आठवडे समुद्रात गेले. वाटेत एक मुलगी जन्मली. ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला उतरले ते ५३ जण. पण तिथला कायदा असा, की पाच टनांमागे दोनच उतारू. गलबत होते सुमारे ३९ टनांचे. ते जप्त झाले, वर जबर दंड! अखेर अध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स यांनी माफी दिली.

पुढे बऱ्याच जणांनी ओंटारिओ सरोवराकाठी केंडॉल येथे जमीन घेतली. तिथे दाट रान होते. झाडे तोडून वावर करावे तेव्हा कुठे पेरणी. १८३४ पासून अनेकजण इलिनॉयमधल्या फॉक्स नदीकाठच्या सुपीक जमिनीवर गेले.

पुढल्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख नॉर्वेकर त्यांच्यामागून अमेरिकेला गेले. पण मंडळी, पहिल्यांना तयार शेत कुणी दिले नाही. ते त्यांना रानातून काढावे लागले.