थंडीतली पहिली किक

पुण्यात ज्यांनी स्कूटर वापरली आहे, त्यांना डिसेंबरच्या सकाळचा एक क्रम समजावून सांगावा लागत नाही. चोक ओढायचा, गाडी एका अंगाला तिरकी करायची, क्षणभर तशीच धरायची, मग सरळ करून किक मारायची. आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या बजाजच्या स्कूटरींनी, त्यातही १९७२ पासूनच्या चेतकने, हा क्रम साऱ्या देशाच्या अंगवळणी पाडला. तिरकी केल्याने पेट्रोल खाली उतरते आणि गाडी सुरू होते, एवढेच स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या पुरले. ते चुकीचे नाही, अपुरे आहे. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल हवे असते ही समजूत त्यातून पक्की झाली आणि ती आज गॅरेजपासून धोरणापर्यंत सगळीकडे गृहीत धरली जाते. माझे म्हणणे असे की थंड इंजिनाला वाफ हवी असते. जास्त पेट्रोल ओतणे ही वाफ मिळवण्याची एक महागडी पळवाट होती. पेट्रोलपुरती ती चालून गेली. इथेनॉलवर धावणाऱ्या गाड्यांत ती बंद होणार आहे, आणि त्या इंधनाच्या विक्रीचा पथदर्शी प्रकल्प पुण्यातच सुरू झाल्याने हा प्रश्न आपल्या दाराशी आहे.

द्रव पेट्रोल जळत नाही. जळते ते त्याच्या वाफेचे हवेशी झालेले मिश्रण, आणि तेही वाफेचे प्रमाण आकारमानाने साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच. पेट्रोल हा एकच पदार्थ नव्हे. साधारण ३५ अंशांपासून २०० अंशांच्या पुढेपर्यंत वेगवेगळ्या तापमानांना उकळणाऱ्या शेकडो हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण आहे. इंजिन गरम असले की सगळेच घटक वाफ होतात आणि वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण नेमके बसते. दहा अंशांवरच्या थंड धातूत मात्र फक्त हलके घटक उडतात, बाकीचे नळीच्या आणि सिलिंडरच्या भिंतींवर ओले राहतात. समजा, दिलेल्या पेट्रोलचा एक पंचमांशच उडाला, तर योग्य वाफेसाठी पाचपट पेट्रोल द्यावे लागेल. चोक हेच करतो. हवेची वाट आवळून तो मिश्रण तीन भाग हवेला एक भाग पेट्रोल इतके दाटसुद्धा करू शकतो. इंजिन त्यातले हलके घटक तेवढे निवडून घेते, आणि उरलेले पेट्रोल प्लग भिजवते, सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते, धूर होऊन बाहेर पडते.

पहिली इंजिने अशी नव्हती, आणि त्यांचा इतिहास इथे उपयोगाचा आहे. कार्ल बेंझने १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या तीनचाकीत इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेली जाई आणि ती जाताना वाफ उचलून नेई. लँचेस्टरच्या गाड्यांत हेच काम वातींनी होई. या रचनेत इंजिनाला द्रव इंधन जवळजवळ मिळतच नसे, मिळे ती वाफच, आणि ताजे इंधन भरले असेल तर सुरुवात बरी होई. दोष निराळा होता. हलके घटक आधी उडून जात आणि भांड्यात जड इंधन साचत राही. जसजसा प्रवास वाढे तसतसे ते निकामी होई. शिवाय रस्त्याचे हिसके आणि हवामान यांनी मिश्रण सतत बदले. यावर १८९३ च्या सुमारास दोन ठिकाणी स्वतंत्रपणे उत्तर निघाले. जर्मनीत मायबाखने आणि हंगेरीत बांकी व चोंका यांनी तोटीतून पेट्रोलचा फवारा हवेच्या झोतात सोडणारा कार्ब्युरेटर केला. या फवाऱ्याचे श्रेय मोठेच आहे. वेग वाढवता-कमी करता येणारे, हलके आणि विश्वासू इंजिन त्यामुळे शक्य झाले. पण एक किंमत मोजावी लागली, ती फारशी सांगितली जात नाही. पृष्ठभागावरच्या बाष्पीभवनात निवड आपोआप होत होती. फवाऱ्यात हलके-जड सारे घटक एकदमच इंजिनाच्या गळ्यात उतरू लागले, आणि थंड सुरुवातीची अडचण आज आपण ओळखतो त्या रूपात तिथून पुढे आली.

अमेरिकेत मोटारींची संख्या वाढली तशी ती तीव्र झाली. मागणी पुरवायला पेट्रोलमध्ये जड घटक अधिकाधिक घेतले जाऊ लागले. १९१३ मध्ये बर्टनच्या पेटंटने जड तेल उष्णतेने फोडून पेट्रोल काढण्याची पद्धतही आली. पहिल्या महायुद्धानंतर तक्रारींचा विषय ठरला तो क्रँककेसमधल्या तेलात उतरणारे पेट्रोल. ओला फवारा भिंतीवरून खाली झिरपे, तेल पातळ होई, बेअरिंगे झिजत. इंजिनियरांनी उपाय शोधला तो उष्णतेचा. एक्झॉस्टच्या उष्णतेने इनटेक मॅनिफोल्डचा एक भाग तापवायचा, म्हणजे त्यावर आदळणारे थेंब उडून जातील. फोर्डसन ट्रॅक्टर तर १९१७ पासून पेट्रोलवर सुरू होऊन, तापल्यावर रॉकेलवर चालत. आपल्याकडच्या शेतांवरचे पेट्रोल-रॉकेल पंपसेट याच पठडीतले: आधी पेट्रोलवर चालू, इंजिन तापले की कॉक फिरवून रॉकेलवर. पण एक्झॉस्टची उष्णता इंजिन सुरू झाल्यावरच मिळते. पहिल्या स्फोटाआधीची उष्णता कोणाकडेच नव्हती. फार तर मॅनिफोल्डवर कढत पाणी ओतायचे. ही पोकळी चोकने भरली, आणि १९१२ च्या कॅडिलॅकपासून आलेल्या केटरिंगच्या विजेच्या स्टार्टरने ती झाकून टाकली. हँडल मारण्याचे कष्ट गेले, इंजिन हवे तितका वेळ फिरवता येऊ लागले, आणि किती पेट्रोल वाया जाते याची टोचणी संपली.

आता पुन्हा आपल्या स्कूटरकडे येऊ. गाडी तिरकी केली की फ्लोट चेंबरमधली पातळी बिघडते आणि जादा पेट्रोल गळ्यात उतरते. जुन्या मोटरसायकलींवर टिकलर दाबून फ्लोट बुडवत, त्याचाच हा प्रकार. टू-स्ट्रोक इंजिनात हे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जात नाही, आधी क्रँककेसमध्ये जाते. तिथे त्याचा पातळ थर पसरतो. प्रत्येक किकबरोबर हवा त्या थरावरून जाते, हलके घटक उचलते आणि वर नेते. म्हणजे बेंझने आपल्या तीनचाकीत मुद्दाम योजलेली रचना इथे काही किकांपुरती नकळत उभी राहते. पहिल्या दोन-तीन किका वाया जातात असे वाटते, पण त्या वाफ गोळा करत असतात. लोकांनी अनुभवातून शोधलेली ही युक्ती मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात पेट्रोल कमी-जास्त करण्यापेक्षा बाष्पीभवनाला पृष्ठभाग आणि वेळ देणे महत्त्वाचे ठरते. तिरकी करून लगेच किक मारणाऱ्याची गाडी उशिरा का सुरू होई, याचेही उत्तर यातच आहे.

यावर मेकॅनिक मंडळींचा जुना आक्षेप आहे: दोष ठिणगीचा असतो, प्लग काढून पुसला की गाडी सुरू होते. अनुभव खरा आहे. थंडीत बॅटरी मंदावते, तेल घट्ट होते, किक हळू बसते, आणि मॅग्नेटोची ठिणगी वेगावर अवलंबून असल्याने तीही दुबळी पडते. पण प्लग ओला का झाला? त्याच्यावर आलेले पेट्रोल उडाले नाही म्हणून. चांगली ठिणगी थोडी कमी वाफ चालवून घेते. जिथे वाफच नाही तिथे ती काही पेटवू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले, दुचाक्यांतूनही कार्ब्युरेटर जवळपास गेला, इंजेक्शन आले. मग हा जुना प्रश्न उरलाच कुठे? इंजेक्शनने मोजमाप नेमके केले, हे निर्विवाद. तापमान मोजून किती इंधन सोडायचे हे आता संगणक ठरवतो. पण बहुतेक दुचाक्यांत इंजेक्टर इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारा मारतो, आणि पहाटे तो व्हॉल्व्ह थंडच असतो. तेव्हा संगणकही करतो तेच, जादा इंधन सोडतो. चोक हातातून प्रोग्रॅममध्ये गेला एवढेच. शिवाय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांना पोचेपर्यंत नीट काम करत नाही. त्यामुळे आधुनिक गाडीच्या चाचणीत न जळलेल्या हायड्रोकार्बनांचा मोठा वाटा सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांतच बाहेर पडतो. शहरात छोट्या अंतरांसाठी रोज थंड इंजिन सुरू करणाऱ्या लाखो दुचाक्या असताना ही मिनिटे किरकोळ म्हणता येत नाहीत.

पेट्रोलपुरते तरीही निभावले असते. इथेनॉलचे तसे नाही. ५ जून २०२१ रोजी पुण्यात ई-१०० इंधनाच्या पथदर्शी प्रकल्पाचा आरंभ झाला. मार्च २०२४ मध्ये ‘इथेनॉल १००’ हे सुमारे ९३ टक्के इथेनॉल असलेले इंधन महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या निवडक पंपांवर आले. उसाचा प्रदेश, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, आसवन्या उभारणारी प्राज, वाहने तपासणारी एआरएआय, हे सगळे एकाच शहराच्या परिघात असल्याने पुण्याची निवड योग्यच होती. इथेनॉलला माझा विरोध नाही, उलट उसाच्या पट्ट्यात ते टिकावे असे मनापासून वाटते. म्हणूनच त्याची अडचण स्पष्ट मांडायला हवी. स्पिरिटचा बोळा हाताला लावला की गार का वाटते हे सर्वांना ठाऊक आहे. इंजिनाच्या आतही तेच घडते. एक किलो पेट्रोल उडायला साधारण ३५० किलोज्यूल उष्णता लागते, इथेनॉलला ८५० च्या आसपास. शिवाय इथेनॉलला हवा कमी लागते, साधारण ९:१, म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त घालावे लागते. हिशेब केला तर एक किलो हवेमागे पेट्रोल सुमारे २४ किलोज्यूल उष्णता मागते आणि इथेनॉल सुमारे ९४, जवळजवळ चौपट.

याहून निर्णायक बाब पुढची आहे. पेट्रोलमध्ये हलके घटक असतात म्हणून जादा ओतल्याने जादा वाफ मिळते. शुद्ध इथेनॉल हा एकच पदार्थ, ७८ अंशांना उकळणारा. त्याच्या वाफेचा दाब तापमान ठरवते. कितीही ओतले तरी त्यापलीकडे वाफ वाढत नाही. दहा अंशांवर हा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३ टक्के भरतो, आणि इथेनॉल पेटण्याची खालची मर्यादा ३.३ टक्के आहे. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेटण्याइतकी वाफ जमते ते किमान तापमान, १३ अंशांच्या आसपास येतो तो यामुळेच. पिस्टन हवा दाबतो तेव्हा ती तापते आणि थोडी मदत होते, पण किकच्या किंवा स्टार्टरच्या संथ वेगात ती उष्णता थंड भिंतीच खाऊन टाकतात. चोकची पळवाट इथे बंद होते ती अशी.

ई-२० वरही आता गाड्या सुरू होतातच की, असे कोणी म्हणेल. होतात, आणि त्याचे कारण आहे. थोड्या प्रमाणात मिसळलेले इथेनॉल पेट्रोलच्या वाफेचा दाब उलट किंचित वाढवते. ई-२० ची थंड सुरुवात ही चिंतेची बाब नाही, तिच्यावरून घाबरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. प्रश्न इथेनॉलचे प्रमाण सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या वर गेल्यावरचा आहे. ब्राझीलने तो आधी भोगला. तिथे १९७९ पासून आलेल्या इथेनॉल-गाड्यांत बॉनेटखाली पेट्रोलची छोटी टाकी असे, थंडीत आधी तिच्यातले पेट्रोल द्यावे लागे. २००९ मध्ये फोक्सवॅगनने इंधन तापवूनच इंजेक्टरला देणारी पोलो आणली आणि ती टाकी अनावश्यक झाली. त्याच वर्षी आलेल्या होंडाच्या फ्लेक्स-फ्युएल मोटरसायकलला मात्र, तापमान १५ अंशांखाली असेल तर टाकीत किमान २० टक्के पेट्रोल ठेवा, अशी सूचना जोडावी लागली. अमेरिकेत ई-८५ नावाने विकल्या जाणाऱ्या इंधनात ऋतू आणि प्रदेशाप्रमाणे ५१ ते ८३ टक्के इथेनॉल असते. हिवाळ्यात पेट्रोल वाढवतात.

भारत उष्ण देश, इथे थंड सुरुवातीची काळजी कशाला, हा शेवटचा आक्षेप. पुण्याच्या नोंदींतले नीचांकी तापमान १.७ अंश आहे, १७ जानेवारी १९३५ चे. तो अपवाद सोडला तरी जानेवारीत पहाटेचा पारा ११-१२ अंशांच्या आसपास असतो आणि कित्येकदा दहाखाली जातो. म्हणजे इथेनॉलच्या फ्लॅश पॉइंटच्या खाली, आणि दूधवाला, पेपरवाला, पहिल्या पाळीचा कामगार नेमका त्याच वेळी गाडी काढतो. उत्सर्जनाच्या प्रमाण चाचणीत ‘थंड’ इंजिन म्हणजे प्रयोगशाळेत २० ते ३० अंशांवर ठेवलेले इंजिन, आणि युरोपातली वेगळी शीत चाचणी उणे ७ अंशांवर होते. आपली पहाट या दोन्हींच्या मधे पडते.

उष्णता देणे दुचाकीच्या बॅटरीला झेपणार नाही असे म्हणतात, पण आकडे वेगळे सांगतात. दीडशे सीसीच्या इंजिनाला एका ग्रॅम इथेनॉलवर सुरुवातीचे सुमारे ५० श्वास घेता येतात. ते एक ग्रॅम तापवून उडवायला साधारण एक किलोज्यूल लागते, म्हणजे १०० वॅटचा हीटर दहा सेकंद. १२ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत सुमारे २१६ किलोज्यूल असतात. भोवतालच्या धातूत पाचपट उष्णता वाया गेली असे धरले तरी खर्च बॅटरीच्या तीन टक्क्यांच्या आत राहतो. तेव्हा माझी मागणी स्पष्ट आहे. जास्त इथेनॉलवर चालणारी दुचाकी महाराष्ट्रात विक्रीला येण्याआधी ती रात्रभर १० अंशांवर ठेवून, पंपावर मिळते तेच इंधन भरून तिची सुरुवात आणि पहिल्या दोन मिनिटांचा धूर तपासावा, उत्पादकांनी इंधन तापवण्याची सोय मूळ रचनेतच द्यावी, आणि तेल कंपन्यांनी डिसेंबर-जानेवारीसाठी पेट्रोलचे प्रमाण वाढवलेले वेगळे मिश्रण पंपावर आणावे. ही चाचणी घेण्याची क्षमता असलेल्या प्रयोगशाळा पुण्यातच आहेत.