टॅमलपाइसची वाट आणि खिशांतलें घड्याळ

सॅन फ्रान्सिस्को शहर सोडून गोल्डन गेटच्या पुलावरून उत्तरेस गेलें कीं मरीन परगणा लागतो, आणि थोड्याच वेळांत माउंट टॅमलपाइस हा डोंगर दिसूं लागतो. उंची अवघी २,५७१ फूट, म्हणजे आपल्या सिंहगडाहून बराच ठेंगणा. पण याचा पायथा थेट समुद्राला टेकलेला असल्यामुळें चढण सगळी मोजून द्यावी लागते. नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या आमच्या पुतण्याकडे मुक्काम असतां या डोंगरावरील 'रेलरोड ग्रेड' नांवाची वाट आम्हीं चालून पाहिली.

वाटेच्या नांवांतच तिचा इतिहास आहे. १८९६ सालीं मिल व्हॅली गांवापासून येथें आगगाडी सुरू झाली. तिच्या मार्गांत २८१ वळणें होतीं, आणि जगांतील सर्वांत वांकडी रेल्वे म्हणून तिची मोठ्या अभिमानानें जाहिरात होत असे. (वांकडेपणाचा असा उघड अभिमान धरणारी दुसरी संस्था आमच्या ऐकिवांत नाहीं!) १९३० सालीं ती बंद झाली, रूळ उचलले गेले, आणि मागें राहिली ती आगगाडीला झेपेल अशा बेतानें चढणारी मातीची रुंद वाट. चढ सौम्य म्हणून तिच्यावर मुलें येतात, काठी टेकीत वृद्ध येतात, घोडेस्वार येतात. सायकलस्वारांचा तर तो राजमार्गच होय. परंतु वळणापलीकडून काय येत आहे तें दिसत नाहीं. म्हणून या जमिनीची व्यवस्था पाहणाऱ्या पाणीपुरवठा खात्यानें अशा वाटांवर सायकलीला ताशी १५ मैलांची, आणि आंधळ्या वळणावर किंवा कोणाला ओलांडतांना ५ मैलांची मर्यादा घातली आहे.

वाटेची रीतहि ठरलेली आहे. सायकलस्वारानें पायीं चालणाऱ्याला वाट द्यावी, दोघांनीं घोड्याला द्यावी, उतरणाऱ्यानें चढणाऱ्यासाठीं थांबावें. घोड्याजवळून जातांना तोंडानें बोलावें, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटली. मागून निःशब्द धांवत येणारी वांकलेली आकृति घोड्याला श्वापदासारखी भासते. आवाज ऐकला कीं हा मनुष्यच आहे अशी त्याची खात्री पटते. घंटा वाजविणें, वेग आवरणें, दोन शब्द बोलणें, या प्रत्येकाला कांहीं सेकंद लागतात. सगळी अडचण त्या सेकंदांची आहे.

वेगाचें वेड आजचेंच आहे असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. याच परगण्यांत फेअरफॅक्स गांवाजवळच्या 'रीपॅक' उतारावर १९७६ सालीं गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली प्रभृति तरुणांनीं जुन्या अवजड सायकलींच्या शर्यती सुरू केल्या. सुमारें दोन मैलांत १,३०० फूट उतार! मागच्या चाकांतील ब्रेक इतका तापे कीं आंतलें ग्रीस जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे, त्यावरून हें नांव पडलें. पण त्या शर्यतीला दिवस होता, वेळ मोजणारा मनुष्य होता. स्पर्धक एकामागून एक सुटत. शर्यत संपली म्हणजे ती संपे.

आतां घड्याळ खिशांत आलें आहे. २००९ सालीं निघालेलें 'स्ट्राव्हा' हें फोनांतील अ‍ॅप उपग्रहांच्या साहाय्यानें सायकलस्वाराचा मार्ग टिपतें. वाटेचा एखादा तुकडा कोणीं आंखून दिला कीं त्यावरून जाणाऱ्यांचे वेळ यादींत क्रमानें मांडले जातात, आणि पहिल्याला 'किंग ऑफ द माउंटन', म्हणजे पर्वतराज, ही पदवी मिळते. पहांटेच्या निर्जन वाटेवरील वेळ आणि रविवारच्या गर्दींतला वेळ एकाच पंक्तीस बसतात. आपण कोणासाठीं थांबलों याची नोंद तेथें नसते. त्यामुळें शर्यत अखंड चालू राहते, आणि वाटेवरील पुष्कळांस आपण शर्यतीच्या मैदानांत उभे आहों याची वार्ताहि नसते. नातवाचा हात धरून चाललेली आजी नकळत अडथळा ठरते.

२०१० सालीं खाडीपलीकडील बर्कलीच्या टेकड्यांत, साउथ पार्क ड्राइव्ह या डांबरी उतारावर, एक सायकलस्वार मोटारीला चुकवितांना पडून मरण पावला. आपला विक्रम दुसऱ्यानें मोडल्याचें त्याला नुकतेंच कळलें होतें. कुटुंबीयांनीं २०१२ सालीं स्ट्राव्हावर दावा लावला. खेळांतील धोका त्यानें स्वतःच पत्करला होता असें धरून न्यायालयानें २०१३ सालीं तो काढून टाकला. कायद्याच्या दृष्टीनें तें यथायोग्य असेल. परंतु वळणापलीकडच्या माणसानें काय पत्करलेलें असतें, हा प्रश्न त्या दाव्यांत नव्हताच, आणि वाटेवर खरा प्रश्न तोच आहे.

यंत्राला सर्वस्वी दोष देणें आम्हांस मान्य नाहीं. धोक्याच्या तुकड्यावर तशी खूण करण्याची सोय त्यांत आहे, व ती केली म्हणजे तेथील क्रमवारी दिसेनाशी होते. पुतण्या एकटा डोंगरावर गेला कीं आमच्या सूनबाई घरीं बसून त्याचा ठिपका नकाशावर सरकतांना पाहतात; त्या ठिपक्याचें मोल कोणत्याहि पर्वतराजापेक्षां आम्ही अधिक समजतों. त्याचा स्वतःचा नेम असा कीं चढतांना नोंद चालू ठेवावयाची आणि उतरतांना क्रमवारींतून ती वगळावयाची. हा नेम त्याला कोणीं घालून दिलेला नाहीं.

खालीं येतांना एका वळणाअलीकडे घंटा ऐकूं आली. पाठोपाठ एक बाई सायकल आवरीत आल्या, "मागें आणखी दोघे आहेत," असें सांगून हंसल्या आणि पुढें गेल्या. ते दोघे जाईपर्यंत आम्ही कडेला उभे राहिलों.